कॅल्क्युलसच्या पहिल्या सत्राआधी

पहिल्या तासाला मिळणारं नियमपत्रक त्याच रात्री नीट वाच. सरावसंच, छोट्या चाचण्या आणि अंतिम परीक्षेला किती टक्के वजन आहे, उशिरा दिलेलं काम चालतं का, चुकलेली चाचणी पुन्हा देता येते का, हे सगळं त्यातच असतं. आजारी पडलास तर परीक्षेआधी शिक्षकांना कळव. नंतर सांगितलेलं कारण पटवणं फार अवघड जातं.

सरावसंच मित्रांसोबत सोडवायला बहुतेक ठिकाणी मुभा असते, पण उत्तर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मी चर्चा झाली की वही मिटायचो आणि कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात करायचो. कुठे अडतंय ते तिथेच कळायचं.

गुण पायऱ्यांना असतात. नुसतं उत्तर बरोबर आलं तरी पूर्ण गुण मिळतीलच असं नाही. आणि खरं सांगू? बहुतेकांचे गुण कॅल्क्युलसमध्ये जात नाहीत, शाळेतल्या बीजगणितात जातात. 'अ वर्ग अधिक ब वर्ग' याचं वर्गमूळ 'अ अधिक ब' नसतं, तरी दरवर्षी कुणीतरी तसं लिहितंच. अपूर्णांक, घातांक आणि त्रिकोणमिती पहिल्या आठवड्यातच घासून घे.

कॅल्क्युलेटर चालणार असेल तर तो रेडियनवर ठेव, म्हणजे कोन अंशांऐवजी रेडियन या एककात मोजले जातील. 'साइन क्ष भागिले क्ष' याची शून्यापाशी सीमा (क्ष शून्याजवळ नेला की उत्तर ज्या संख्येजवळ जातं ती) १ येते ती रेडियनमध्येच. अंशांवर ठेवलास तर ०.०१७४५ च्या आसपास काहीतरी दिसेल आणि तू गोंधळशील.

शंका साठवू नकोस. साखळी नियम (एका फलनाच्या आत दुसरं फलन असेल तर डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) कच्चा राहिला तर इंटिग्रलमधलं प्रतिस्थापन, म्हणजे तोच नियम उलटा वापरणं, समजणारच नाही. शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जा.