थर्मोस्टॅट काढला, तरी गाडी तापतेच

प्रश्न : कुर्ल्याला एलबीएस मार्गावर गाडी अडकली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. वाशी पुलावर वेग घेतला की खाली येतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. आता रेडिएटर बदला म्हणतो. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती बंद स्थितीत अडकली असती, तर गाडी पुलावरही तापली असती. वेगात थंड आणि गर्दीत गरम म्हणजे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरला हवा कमी पडते आहे. पहिला संशय पंख्यावर.

एसी लावा. पंखा लगेच फिरायला हवा. न फिरल्यास इंजिन बंद करून पंख्याला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, हात लांब ठेवून. फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच), सेन्सर, वायरिंग तपासा. नाही फिरला तर मोटर गेली. जोरात फिरूनही तापत असेल, तर कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधली फट बघा. मुंबईची धूळ तिथेच थापली जाते. इंजिन गार झाल्यावर आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या, पण गरम असताना उघडू नका.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. त्याच्याविना मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि त्याला जोडून दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड येऊ शकतो. भाग काढून-बदलून बघायला हरकत नाही. पण एका वेळी एकच भाग, तोही स्कॅनरवर तापमान बघत.