गाडीचं बोला: सिटीचे स्पेसर स्विफ्टला बसतील का?

नमस्कार काका, माझी २०१९ ची स्विफ्ट आहे, कंपनीच्याच अलॉयवर. चाकं आत गेल्यासारखी दिसतात म्हणून स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागे बसवायच्या जाड चकत्या, टाकायचे आहेत. मित्राच्या ओळखीत एकाने होंडा सिटीवरून काढलेले २० एमएमचे स्पेसर आहेत, चारी मिळून अडीच हजार म्हणतोय. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) सेम आहे, ४ बाय १००, म्हणजे चार भोकं, १०० एमएमच्या वर्तुळावर. घेऊ का? आणि फिटिंग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे केलं तर चालेल ना?
— एक वाचक, सातारा

अरे बाबा, चार भोकं जुळली म्हणजे छत्तीस गुण जुळले असं नसतं. पीसीडी सेम आहे हे खरंय, पण सिटीच्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाचं, मधलं माप ५६.१ एमएम आणि स्विफ्टचं ५४.१. म्हणजे तो स्पेसर तुझ्या हबवर सगळीकडून एक एक एमएम ढिला बसणार, आणि मग ऐंशीच्या पुढे गेलास की स्टेअरिंग थरथरायला लागणार, तू चार वेळा बॅलन्सिंग करून येणार आणि पैसे घालवून बसणार. हे झालं आतल्या बाजूचं. बाहेरच्या बाजूला उलटी भानगड. चांगल्या स्पेसरला बाहेरून एक गोल ओठ असतो ज्यावर रिम बसते, तो सिटीसाठी ५६.१ चा काढलेला आणि तुझ्या रिमचं भोक ५४.१, म्हणजे रिम त्यावर चढणारच नाही. आता पंक्चरवाल्याने एअर गन लावून घर्र घर्र आवळलं तर नट टाइट वाटतील पण रिम ओठावर अडकलेली असेल, सपाट टेकलेलीच नसेल. अशी गाडी घेऊन खंबाटकी उतरायचा विचारही करू नकोस.

अजून संपलं नाही. मारुतीचे स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट लावायचे दांडे) एम १२, म्हणजे १२ एमएम जाड, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५, होंडाचे एम १२ पण पिच १.५. स्पेसर हबला आवळायला १.२५ चे नट लागतात, आणि स्पेसरवरच्या स्टडला १.५ चे. वरून होंडाच्या नटाची बसक, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, गोल आणि तुझ्या अलॉयची तिरकी, कोनाची, म्हणजे त्याने सिटीचे नट फुकट दिले तरी ते तुला कामाचे नाहीत. रात्री स्टेपनी लावताना कोणीतरी चुकीचा नट पान्याने दाबून फिरवला की आटे गेलेच समज.

जुगाड होतो का? होतो. आत ५६.१ ते ५४.१ ची अ‍ॅल्युमिनियमची रिंग टाकायची, बाहेरचा ओठ लेथवर उतरवून घ्यायचा, १.५ पिचचे कोनाचे नट नवीन घ्यायचे. पण एवढं करेपर्यंत नवीन स्पेसरच्या जवळ पोचतोस, आणि लेथवाल्याने जॉब जरा तिरका धरला तर गेलं सगळंच. माझं मत विचारशील तर हे सोड, स्विफ्टच्या मापाचे मिळाले तर बघ.

ते जुने मिळाले तरी हातात घेऊन बघायचे, फोटोवर पैसे पाठवायचे नाहीत. घरातली जाड काच घे, स्पेसर त्यावर ठेव आणि कडेला एकेका बाजूने बोट दाब, जरा जरी डुगडुगला तर वाकलाय, परत दे. मग भोकं बघ, गोल आहेत की लंबगोल झालीत, लंबगोल म्हणजे आधीच्याने ढिल्या नटांवर चालवलेत. दोन भोकांमधल्या जागेत तडा असतो तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी डाय पेनेट्रंटचा स्प्रे येतो, लाल मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तर लाल रेघ वर येते. कुठल्याही बऱ्या मशीन शॉपवाल्याकडे हे मिळतं. वेल्डिंगची रेघ दिसली तर हातही लावू नकोस. आणि फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) आहे का विचार, ओतीव माल असेल तर नवा असला तरी नको.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढ, खपली राहिली की सगळं मोजमाप पाण्यात. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर रिमच्या मागे त्यांना खाच आहे का बघ, नाहीतर रिम टेकणारच नाही. आट्यांना ग्रीस लावू नकोस. एअर गन नको, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) घ्यायचा, गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा लावायचा, आणि साधारण शंभर किमीने परत चाक काढून आतले, स्पेसर हबला धरणारे, नटसुद्धा तपासायचे. हे मी शहाणपणाने नाही सांगत, मी स्वतः पहिल्यांदा बाहेरचे नट बघितले आणि आतले राहू दिले, नंतर वळणावर कट्ट कट्ट आवाज यायला लागला तो मला आठ दिवस सायलेन्सरचा वाटत होता. चाक काढलं तर आतले दोन नट हाताने फिरले.

आणि मागे तीन माणसं बसवून स्पीड ब्रेकरवरून ने, टायर फेंडरला घासतं का ते तेव्हाच कळतं. रिकाम्या गाडीत सगळंच छान दिसतं.

माझ्या पोलोला ५ एमएमचे साधे चकतीवाले स्पेसर टाकलेत, जुनेच बोल्ट वापरले. ठीक आहे ना?
— वाचक, नाशिक

नाही ठीक. पोलोला स्टड नसतात, एम १४ चे बोल्ट असतात, पिच १.५. साधा हिशेब असा की बोल्ट निदान त्याच्या जाडीएवढा तरी आत जायला हवा, म्हणजे साधारण सव्वानऊ आटे. तुम्ही मध्ये ५ एमएमची चकती घातली तर सव्वातीन आटे गेले. हाताने फिरवत मोजा. ५ एमएम लांब बोल्ट घ्या, बसक मूळसारखीच हवी, आणि उद्या स्पेसर काढले तर ते लांब बोल्टही काढा, नाहीतर मागे आत टोक लागतं. हबचा ओठ चकतीतून पुरेसा बाहेर येतो का तेही बघा.

स्पेसर लावले तर पोलीस पकडतात का? इन्शुरन्सचं काय?
— वाचक, कोल्हापूर

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्पेसर आत लपलेला असतो म्हणून तो कोणी शोधत बसत नाही, पण टायर मडगार्डच्या बाहेर आलं की हवालदाराला मोजपट्टी लागत नाही. इन्शुरन्सला मात्र आधी लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर चाक काढतो तेव्हा ते तुमच्या तोंडून नाही, त्याच्या कॅमेऱ्यातून बाहेर येतं, आणि मग क्लेमवर प्रश्नचिन्ह लागायला वेळ लागत नाही.