३२ इंची एलईडी टीव्ही चार वर्षांत गेला. आवाज येतो, चित्र नाही. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की आवाज नीट येतो, रिमोटने चॅनलही बदलतात, पण पडदा काळा आहे आणि मेकॅनिक म्हणतोय पॅनेल (चित्र उमटवणारी पुढची काच) गेलं. एवढ्यावर नवा टीव्ही घेऊ नका. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, मागचा बॅकलाइट गेलाय. स्वस्त टीव्हींत हा बिघाड नेहमीचाच.

पॅनेलला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे पत्र्याच्या ट्रेमध्ये साधारण २-३ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर एलईडी, त्यावर प्लॅस्टिकची भिंगं. हे एलईडी बहुधा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले असतात. त्यातला एक उडाला की करंट तुटतो, त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर बंद पडतो आणि सगळा पडदा काळा होतो. टीव्ही लावल्यावर क्षणभर चित्र येऊन विझतं, तेही यामुळेच.

एलईडीचं आयुष्य म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘३०,००० तास’ या आकड्यावर विसंबू नका. रोज ६ तास धरले तर हिशोब जवळजवळ १४ वर्षांचा होतो. पण हा आकडा सहसा उजेड निम्म्यावर यायला लागणारा काळ सांगतो. सगळ्यात कच्चा एलईडी कधी उडेल, हे त्यात येत नाही. शिवाय खर्च वाचवायला थोडेच एलईडी लावून प्रत्येकातून जास्त करंट सोडतात. उष्णता वाढते आणि एलईडी त्या उष्णतेनेच मरतात. पडद्यावर निळसर-जांभळी झाक येऊ लागली की समजा, एलईडीचा निळा उजेड पांढरा करणारा पिवळा थर (फॉस्फर) जळतोय आणि पट्ट्यांचे दिवस भरत आलेत.

दुरुस्ती करून घ्याच. पट्ट्यांचा संच पॅनेलच्या मानाने फारच स्वस्त मिळतो. मात्र संपूर्ण संच बदलायला सांगा. एकच एलईडी किंवा एकच पट्टी बदलली तर उरलेल्या तेवढ्याच जुन्या असतात, काही महिन्यांत दुसरी जाते आणि उजेडही ठिकठिकाणी कमी-जास्त दिसतो. नवा संच घेताना जुन्या पट्टीवर छापलेला नंबर, लांबी आणि एलईडींची संख्या जुळवा. एलईडी ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, हेही बघा. ३ च्या जागी ६ चे बसवले तर लागणारा व्होल्टेज दुप्पट होतो आणि ड्रायव्हर ते पेटवतच नाही.

खरी जोखीम आहे ती पॅनेल उचलताना. काचेच्या एका कडेला पातळ फिती चिकटवलेल्या असतात. त्यांना कनेक्टर नसतो. एखादी ताणली गेली की पडद्यावर उभ्या रेघा येतात आणि मग पॅनेल खरंच जातं. म्हणून मऊ चादरीवर, दोघांनी मिळून उचलायचं. आतले पांढरे शीट ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघाले तसेच परत बसवायचे, बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत. पट्टी ट्रेला पूर्ण टेकली पाहिजे. खाली जुना गोंद राहिला तर उष्णता पत्र्यात उतरत नाही. घरी उघडणार असाल तर आधी प्लग काढा. सप्लाय बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरतो, तो मल्टिमीटरने मोजून उतरल्याची खात्री झाल्याशिवाय बोर्डला हात लावू नका.

मेकॅनिक जाणकार असेल तर बॅकलाइटचा करंट २०-३० टक्के कमी करून घ्या. बऱ्याच बोर्डांवर करंट ठरवणारे छोटे रेझिस्टर समांतर असतात, त्यातला एक काढला की काम होतं. उजेड किंचित उतरतो, पण पट्ट्या कितीतरी गार चालतात.

हे नको असेल तर सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ ५०-६० वर आणा. ‘ब्राइटनेस’ सहसा वेगळी गोष्ट असते, तिने फक्त काळा रंग फिका-गडद होतो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये बॅकलाइट बहुतेक वेळा पूर्ण जोरात असतो, तो मोड बंदच ठेवा. टीव्ही बंद कपाटाच्या खणात बसवला असेल तर मागची हवा खेळती राहील इतकी जागा सोडा.

टॉर्च धरूनही काहीच दिसलं नाही, किंवा काचेला तडा असेल, तर गोष्ट वेगळी. नुसता काळा पडदा असेल तर मेन बोर्ड आणि टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा) तपासून घ्या. तडा असेल तर मात्र मेकॅनिक म्हणतो तेच खरं, नवा टीव्ही घ्या.