मीटअपला पहिल्यांदा येतोयस? मग एवढं कर

हा मीटअप एम्बेडेड ओपन सोर्सचा, म्हणजे छोट्या चिपच्या बोर्डांसाठी सगळ्यांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्यांचा. नक्की ये. सी ही प्रोग्रामिंगची भाषा अर्धवट येते म्हणून थांबू नकोस. नागपुरात हे काम शेजारी बसून दाखवणारी माणसं आहेत, त्याचा फायदा घे.

बोर्ड एकच घे, ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको, सीताबर्डीच्या बाजारात मिळेल तो. तीन-तीन बोर्ड घेऊन एकही धड न समजलेले नवखे मी बरेच पाहिलेत. टूलचेन, म्हणजे कोड तयार करून बोर्डावर चढवणारी सॉफ्टवेअरं, लॅपटॉपवर घरूनच टाकून ये. आणि केबल डेटावाली आण! नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्ड लॅपटॉपला दिसतच नाही, मग अर्धी दुपार ड्रायव्हर शोधण्यात जाते.

सगळ्यात महत्त्वाचं:

- या दोन्ही बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्टचं आउटपुट देणारा सेन्सर थेट जोडलास तर पिन जळू शकते.
- बोर्ड आणि सेन्सर, दोघांचं ग्राउंड (शून्य व्होल्टची पिन, GND) एकमेकांना जोडलेलं हवं.

बोर्डावरचा एलईडी लुकलुकवता आला की लगेच सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत, मजकूर छापायला शीक. अडलास तर नुसतं "चालत नाही" म्हणू नकोस, एरर जशीच्या तशी दाखव. लोक आनंदाने मदत करतात.

आरटीओएस (वेळेचं बंधन पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम), कर्नल ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला हार्डवेअर चालवणारा कोड) असले अवघड विषय सध्या राहू दे. एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाला तुझं पहिलं योगदान डॉक्युमेंटेशनमधल्या चुकीची दुरुस्ती असली तरी चालतं. फक्त पाठवण्याआधी त्या प्रकल्पाचं लायसन्स आणि नियम वाच.