पोकलेन सुरू करण्याआधी रोज काय काय तपासावं?

चावी लावायच्या आधी मशीनला एक पूर्ण फेरी मारा. खाली जमिनीवर ताजा तेलाचा डाग दिसला, तर तो कुठून आला ते आधी शोधा. हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालचं तेल नेणारे रबरी पाइप, हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार डोळ्यांना दिसतही नाही, पण कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी, पण काम थेट ऑपरेशनचं. पुठ्ठा फिरवून बघा, ओला झाला की गळती तिथेच.

इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिकने पाहा. कूलंटही थंड असतानाच. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडा, बकेटच्या पिना आणि ट्रॅकचा ताण बघा.

मग हॉर्न, सीटबेल्ट, आरसे. नवखे ऑपरेटर नेमके हेच विसरतात!