फ्रान्सिस फोर्ड: ‘द क्वाएट मॅन’मधल्या म्हाताऱ्याआधीची कारकीर्द

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या ‘द क्वाएट मॅन’ या 1952 च्या चित्रपटाच्या शेवटी मरणाच्या खाटेवरून उठून मारामारी बघायला धावणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा कोण? आणि तो जॉन फोर्डचा भाऊ होता म्हणून त्याला उपकारापोटी असली छोटी कामं मिळत गेली, असं जे ऐकलंत ते कितपत खरं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो फ्रान्सिस फोर्ड, जॉनचा सख्खा थोरला भाऊ, बारा-तेरा वर्षांनी मोठा. दुसऱ्या प्रश्नात मात्र उपकाराची दिशाच उलटी धरली गेली आहे, आणि ती सुलटी करायची तर 1952 वरून 1912 पर्यंत मागे जावं लागतं.

फ्रान्सिसचा जन्म 1881 चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंड गावचा. आईवडील आयर्लंडहून आलेले, वडिलांचा दारूचा गुत्ता. घरचं आडनाव फीनी. फ्रान्सिस लवकरच घराबाहेर पडला, नाटक कंपन्यांतून फिरला आणि फोर्ड हे नाव घेऊन सिनेमात शिरला. 1910-11 च्या सुमारास तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत गॅस्टन मेलिएसच्या कंपनीत होता. पॅरिसला पडद्यावर जादू करणाऱ्या जॉर्ज मेलिएसचा हा भाऊ. जॉर्जच्या स्टार फिल्म कंपनीचा अमेरिकेतला कारभार गॅस्टन बघायचा. अलामोच्या लढाईवरच्या 1911 च्या ‘द इमॉर्टल अलामो’मध्ये फ्रान्सिसने काम केलं आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती कॅलिफोर्नियात, निर्माता-दिग्दर्शक थॉमस इन्सच्या हाताखाली. इन्सने त्या काळात एक मोठी चलाखी केली. मिलर बंधूंचा ‘101 रँच’ हा घोडेस्वारीचे खेळ करणारा ताफा हिवाळ्यात लॉस एंजेलिसजवळ व्हेनिसला मुक्कामी असायचा. घोडे, गुरं, काउबॉय, तंबू, गाड्या असा तो अख्खा ताफाच इन्सने सिनेमासाठी ठरवून घेतला, आणि त्याच्या चित्रपटांत ओग्लाला लाकोटा जमातीची माणसं स्वतः मूळ रहिवाशांच्या भूमिकांत दिसू लागली. समुद्रालगतच्या सांता इनेझ खिंडीत पुढे याच उद्योगाला इन्सव्हिल असं नाव पडलं. एवढं मनुष्यबळ हाताशी आलं, तरी ते कॅमेऱ्यासमोर कसं मांडायचं हे कळणारा माणूस लागतोच. फ्रान्सिस फोर्ड तो माणूस होता.

1912 चा ‘द इन्व्हेडर्स’ सुदैवाने शाबूत आहे आणि बघायला मिळतो. तीन रिळांचा, चाळीस मिनिटांच्या आसपासचा. अमेरिकेचं सैन्य सू या मूळ रहिवासी लोकांशी जमिनीचा करार करतं. पुढे रेल्वेचे सर्वेक्षक त्याच जमिनीत शिरतात, करार मोडतो आणि लढाई पेटते. किल्ल्यावरच्या कर्नलची भूमिका स्वतः फ्रान्सिसची, दिग्दर्शनाचं श्रेय त्याच्या आणि इन्सच्या नावावर. आगळीक कुणाकडून झाली हे त्या काळातला हा चित्रपट लपवत नाही, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. आणि तो दिसतो कसा ते नीट बघा. टेकडीच्या कडेवर उमटणारे स्वार, त्यांच्याखाली पसरलेली मोकळी जमीन, माणूस लहान आणि आभाळ मोठं. जॉन फोर्ड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते इथे आहे. तेव्हा जॉन अठरा वर्षांचा होता आणि पोर्टलंडमध्ये शाळेत जात होता.

त्याच वर्षी ‘कस्टर्स लास्ट फाइट’ आला. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेलेला सेनापती कस्टर फ्रान्सिसने साकारला आणि दिग्दर्शनही त्याचंच. पण इन्सला आपलं नाव सगळ्यांत पुढे हवं असे. श्रेयावरून दोघांचं बिनसलं आणि 1913 मध्ये फ्रान्सिस कार्ल लेमलीच्या युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीत गेला. (आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशनला लागला ते हेच वर्ष.)

युनिव्हर्सलमध्ये त्याची जोडी जमली ग्रेस कुनार्डशी. तिचं नाव इथे ठळक घ्यायलाच हवं. ती नुसती नायिका नव्हती. कथा तिच्या, पटकथा तिच्या, आणि दिग्दर्शनातही तिचा वाटा. 1914 मध्ये दोघांनी ‘लुसिल लव्ह’ ही पंधरा भागांची सीरियल काढली, 1915 मध्ये बावीस भागांची ‘द ब्रोकन कॉइन’, मग ‘पेग ओ द रिंग’ आणि ‘द पर्पल मास्क’. दर आठवड्याला दोन रिळांचा एक भाग, शेवटी नायिका संकटात आणि प्रेक्षक पुढच्या आठवड्याची वाट बघत घरी. ‘द ब्रोकन कॉइन’ची कथा एका तुटलेल्या नाण्याभोवती फिरते: एक अर्धा तुकडा एका वार्ताहर मुलीच्या हाती लागतो, दुसरा युरोपातल्या एका काल्पनिक राज्यात. जपानमध्ये तर या सीरियलने प्रेक्षकांना अक्षरशः वेड लावलं होतं. ‘द पर्पल मास्क’मध्ये कुनार्ड श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारी चोर आहे आणि फ्रान्सिस तिच्या मागावरचा गुप्तहेर, बुद्धीने नेहमी ती वरचढ. पुरुष दिग्दर्शक-अभिनेता स्वतःकडे कायम हरणाऱ्याची भूमिका घेतो, हे 1916 साली किती जणांनी केलं असतं?

आठवड्याच्या या चरकात दिग्दर्शकाच्या हाताला एक सवय लागते. पात्र दारातून आत येताच ते कोण आहे हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, लांब ओळख करून द्यायला रीळ शिल्लक नसतं. टोपी कशी घातली आहे, कुठे उभा राहतो, कशावर हात ठेवतो, यातून माणूस उभा करायचा. हे लक्षात ठेवा, फ्रान्सिसच्या म्हातारपणाच्या भूमिका बघताना कामाला येईल.

1914 मध्ये शाळा संपवून धाकटा भाऊ त्याच्याकडे आला. फ्रान्सिसने घेतलेलं फोर्ड हे नाव त्यानेही लावलं, जॅक फोर्ड, म्हणजेच पुढचा जॉन फोर्ड. सामान हलवणं, स्टंट करणं, छोट्या भूमिका, मग सहायक दिग्दर्शक अशी तीन वर्षं भावाच्या युनिटवर गेली आणि 1917 मध्ये जॅकने स्वतःचा पहिला चित्रपट केला. पुढे उतारवयात, कुणाचा प्रभाव पडला असं दिग्दर्शक आणि सिनेलेखक पीटर बोग्दानोविचने विचारलं तेव्हा जॉनने भावाचं नाव घेतलं. आज नवं म्हणून जे दाखवतात ते सगळं फ्रँकने (म्हणजे फ्रान्सिसने) आधीच करून ठेवलं होतं, अशा अर्थाचं तो बोलला. जॉन फोर्ड हा कौतुकाच्या बाबतीत अत्यंत कंजूष माणूस होता, म्हणून या कबुलीला मी फार वजन देतो.

पुढचा काळ उताराचा. कुनार्डबरोबरची जोडी सुटली, युनिव्हर्सल सुटलं, स्वतःचा लहानसा स्टुडिओ काढून बघितला तो टिकला नाही. लहान कंपन्यांसाठी स्वस्तातले चित्रपट तो 1928 पर्यंत दिग्दर्शित करत राहिला. तोवर जॉनचा ‘द आयर्न हॉर्स’ येऊन गेला होता आणि फोर्ड म्हणजे जॉन असं ठरून गेलं होतं. बोलपट आले तसं फ्रान्सिसचं दिग्दर्शन संपलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. तिथून पुढची पंचवीस वर्षं तो निव्वळ चरित्र अभिनेता, पुष्कळदा श्रेयनामावलीत नावही नसलेला.

आता त्या भूमिका. 1934 चा ‘जज प्रीस्ट’: कोर्टात वकील महाशय रंगात येऊन भाषण ठोकताहेत आणि ज्यूरीतला एक म्हातारा तंबाखूची पिंक नेमकी पिकदाणीत टाकतो, टण्ण असा आवाज होतो, भाषणाची हवा निघून जाते. तोंडून शब्द नाही, तरी अख्खा प्रसंग त्याच्या खिशात. 1939 चा ‘स्टेजकोच’: घोडे बदलण्याच्या ठाण्यावरचा बिली पिकेट. त्याच वर्षीच्या ‘ड्रम्स अलाँग द मोहॉक’मध्ये मात्र त्याला पूर्ण माणूस मिळाला आहे, जो बोलिओ. वेढलेल्या किल्ल्यातून मदत आणायला निघालेला हा वाटाड्या पकडला जातो, शत्रू त्याला गवताच्या गाडीवर बांधून पेटवून देतात, आणि त्याचे हाल संपवायला किल्ल्यावरच्या पाद्र्यालाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. फ्रान्सिसने त्याआधीच्या प्रसंगांत त्या माणसाला इतकं मोकळं, खोडकर ठेवलं आहे की ती गोळी आपल्याला लागते.

एका गोष्टीकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधतो. मूकपटांच्या काळात फ्रान्सिस पडद्यावर अब्राहम लिंकन म्हणून ओळखीचा होता. ही भूमिका त्याने एकाहून अधिक वेळा केली. 1939 मध्ये जॉनने ‘यंग मिस्टर लिंकन’ केला. लिंकन झाला हेन्री फोंडा, आणि फ्रान्सिस त्याच्यासमोरच्या ज्यूरीत बसलेला दारुडा सॅम बून. 1948 मध्ये जॉनने ‘फोर्ट अपाची’ केला. हट्टापायी आपली तुकडी मरणाच्या तोंडी देणारा त्यातला अधिकारी उघडच कस्टरवर बेतलेला आहे, आणि तोही हेन्री फोंडाच. फ्रान्सिस, म्हणजे 1912 चा कस्टर, सुरुवातीच्या ठाण्यावर मिनिटभर दिसणारा माणूस. जॉनला हे माहीत नसणं शक्य नाही. जॉनचे चरित्रकार सांगतात की सेटवर तो थोरल्या भावाला टोचून बोलायचा, अपमानही करायचा. मला यात निव्वळ प्रेम किंवा निव्वळ सूड दिसत नाही. ज्याच्याकडून सगळं शिकलो त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि मोठंही होऊ द्यायचं नाही, अशी काहीशी गाठ दिसते. पण ती गाठ जॉनची आहे. फ्रान्सिसने मिळालेलं मिनिट प्रत्येक वेळी पुरतं वापरलं.

उपकाराच्या गोष्टीला सरळ उत्तर देणारा चित्रपट जॉनचा नाहीच. 1943 चा ‘द ऑक्स-बो इन्सिडंट’, दिग्दर्शक विल्यम वेलमन. जमाव तीन निरपराध माणसांना गुरं चोरल्याच्या आणि खुनाच्या आरोपावरून पकडतो: डॅना अँड्र्यूज, अँथनी क्विन आणि तिसरा म्हणजे वयाने बुद्धी फिरलेला म्हातारा, फ्रान्सिस फोर्ड. काय चाललंय हे त्याला पुरतं कळतही नाही. त्याची भेदरलेली बडबड ऐकल्यावर जमावाच्या बाजूने मनात काही उरत असेल तर तेही संपतं. वेलमन त्याचा कुणी लागत नव्हता. त्याला ती भूमिका करू शकणारा माणूस हवा होता.

त्याचं दिग्दर्शन आज कुणाला आठवत नाही याचं मुख्य कारण, ते बघायला उरलं नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी; रिळं जळाली, सडली. युनिव्हर्सलने तर 1948 मध्ये स्वतःच्या मूकपटांच्या निगेटिव्ह आपणहून नष्ट केल्या. ‘द ब्रोकन कॉइन’ गेली. ‘द पर्पल मास्क’ अर्धवट उरली. पण 2006 मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या नेल्सन गावात एक जुना गोठा पाडताना तिथल्या सुताराला फिल्मची रिळं सापडली, आणि त्यांत 1913 चा ‘व्हेन लिंकन पेड’ निघाला, जो हरवला असंच सगळे धरून चालले होते. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड, लिंकनही तोच. युद्धात मुलगा गमावलेली आई सूडाने शत्रूच्या एका सैनिकाला पकडून देते आणि मग त्याच्यासाठी लिंकनकडे दयेची याचना करते. तो चित्रपट दुरुस्त झाला आहे.

तेव्हा ‘द क्वाएट मॅन’ पुन्हा बघण्याआधी ‘द इन्व्हेडर्स’ आणि ‘व्हेन लिंकन पेड’ मिळवा, मग ‘ड्रम्स अलाँग द मोहॉक’ आणि ‘ऑक्स-बो’. वेळ कमी असेल तर निदान पहिला आणि शेवटचा. ‘द इन्व्हेडर्स’ बघताना लढाईपेक्षा त्याआधीचे लांबचे शॉट्स बघा, आणि लगेच जोडून ‘स्टेजकोच’मधले मॉन्युमेंट व्हॅली या उंच सुळक्यांच्या वाळवंटी प्रदेशाचे. कोण कुणाचं देणं लागत होता ते मला सांगावं लागणार नाही.