परळीचे कोळशाचे संच बंद करून मराठवाड्याची वीज सौर आणि नैसर्गिक वायूवर नेता येईल का?

अंशतः येईल, पण केवळ सौर पॅनेल बसवून नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात आज २५० मेगावॅटचे ३ संच, म्हणजे ७५० मेगावॅट क्षमता आहे. या केंद्राची खरी दुखरी नस कोळशापेक्षा पाणी आहे. वाफ थंड करायला पाणी न उरल्याने २०१५ च्या दुष्काळात ते बंद ठेवावे लागले होते. सौर पॅनेलला धूळ धुण्यापुरतेच पाणी लागते, आणि आपल्याकडे ऊन काही कमी नाही.

सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच प्रकल्प उभारून शेतीचा फीडर (शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी) दिवसा चालवतात. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प त्यातलाच. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून मोटार चालू करायला गेलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. वायूचे संच झटपट चालू-बंद होतात, म्हणून ते सौर विजेला चांगली जोड ठरतात. मात्र महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचे ६७२ मेगावॅटचे उरण वायू केंद्रसुद्धा वायू पुरेसा मिळत नसल्याने पूर्ण क्षमतेने चालत नाही. त्यामुळे साठवणुकीची सोय होईपर्यंत संध्याकाळची वीज बव्हंशी कोळशाचीच राहील, असे माझे मत आहे.